गाडी झोपते कुठं?

गेल्या महिन्यात काकाजींचं पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड अजून मिळतं हेच मला माहीत नव्हतं. त्यावर निळ्या शाईने, रूळ ठेवून आखल्यासारख्या सरळ ओळींत लिहिलं होतं : "मी पांढरकवडा येथील खोली सोडली आहे. यापुढे मुक्काम बोरी अरब, बहिणीकडे. शाळेच्या मागे, हातपंपापासून डावीकडे दुसरे घर. नोंद घ्यावी." खाली सही. तब्येत कशी आहे, डोळ्यांचं काय झालं, परत येणार की नाही, काही नाही. नंतर कळलं की ज्यांच्या ज्यांच्या गाडीचा विमा त्यांनी कधीकाळी काढला होता, त्या सगळ्यांना असंच पोस्टकार्ड गेलं आहे. ज्यांच्याशी त्यांचं भांडण झालं होतं त्यांनाही.

आमच्या यांनी ते वाचलं, उलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "मेल्यावर बी हा माणूस पत्ता कळवीन." पण फेकलं नाही. विजेच्या बिलांच्या तारेत अडकवून ठेवलं.

काकाजींबद्दल कुणाला काही सांगायचं म्हटलं तर माझी जीभ वळत नाही. म्हणून लिहिते.

ते तीस-पस्तीस वर्षं पोस्टमन होते. रिटायर झाल्यावर बस स्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानाला लागून एक खोली घेतली आणि गाड्यांचे विमे काढू लागले. खाकी पँट मात्र सोडली नाही. खोलीत एक टेबल, दोन स्टूल, एक पंखा. पाठ टेकायची खुर्ची नव्हती. त्यांचं म्हणणं, पाठ टेकली की माणूस अंदाजाने बोलायला लागतो. दुपारी डबासुद्धा ते उभ्याने खायचे. पोळीत ठेचा घालून गुंडाळी करायची आणि खोलीत चकरा मारत खायची. कुणी म्हटलं, "काकाजी, बसा ना बाप्पा," तर म्हणायचे, "डाक वाटणारा माणूस बसून जेवते का?" डाक वाटून दहा वर्षं होऊन गेली होती.

बाकीचे विमेवाले आधी गाडीचा नंबर विचारतात. काकाजी पहिला प्रश्न विचारायचे, "गाडी झोपते कुठं?"

म्हणजे रात्री गाडी उभी कुठे असते. तोच पत्ता कागदावर पाहिजे. आधार कार्डावरचा नको, सासऱ्याच्या घरावरच्या पाटीवरचा नको. आमच्याकडे पत्ता म्हटलं की माणूस गावाचं नाव सांगतो, मग तो वीस वर्षं पुण्यात राहत का असेना. काकाजींना ते चालायचं नाही. "घर तुमचं कुठंबी असो. गाडीले घर नसते, तिले जागा असते," असं म्हणायचे. आणि नुसतं वॉर्ड आणि गल्ली सांगून भागायचं नाही. कोणत्या झाडापासून, कितवं दार, फाटक आहे की नाही, सगळं त्यांच्या वहीत उतरायचं. एका मास्तरांच्या घरासमोरचा निंब तोडला, तर काकाजी सायकल काढून त्यांच्याकडे गेले. "निंबापासून तिसरं दार लिवलं होतं. निंब कुठं आहे?" मास्तर म्हणाले, "तोडला." काकाजी म्हणाले, "मले कळवायचं नाही का?" मास्तर महिनाभर ही गोष्ट सांगून हसत होते.

सांगितलेलं खरं आहे की नाही हे ते पहाटे जाऊन पाहायचे. गाडीच्या काचेवर दव आहे का, चाकाखालची माती कोरडी आहे का. दव असलं तर गाडी रात्रभर तिथेच होती. गावातली पोरं त्यांना पाहून ओरडायची, "काकाजी, आज किती दव पडलं?" ते सायकल थांबवून खरंच सांगायचे.

त्यांची बहीण पाय मोडून पडली तेव्हा ते पंधरा दिवस आपली जुनी स्कूटर घेऊन बोरी अरबला राहिले. तिथून त्यांनी कंपनीला चिठ्ठी पाठवली की माझी स्कूटर सध्या इथे झोपते. कंपनीतल्या माणसाने फोन करून विचारलं, "काका, अपघात झाला का?" "नाही." "चोरी?" "नाही." "मग?" "मग काही नाही, माहीत असलेलं बरं." 

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि लोक हसायचेच. पण एकदा कुणी हसलं नाही. बाजारातले एक मोठे किराणा व्यापारी आपल्या बायकोला घेऊन विमा भरायला आले. काकाजींनी विचारलं, "गाडी झोपते कुठं?" ते म्हणाले, "कुठं म्हणजे? घरी, अंगणात." काकाजींनी पेन खाली ठेवलं आणि सरळ आवाजात म्हणाले, "तुमची गाडी आठवड्यातले तीन दिवस मुकुटबनले झोपते. शाळेच्या बाजूले, निळ्या खिडकीच्या घरासमोर. तीन खेपा पाह्यली मी." व्यापाऱ्याची बायको आधी नवऱ्याकडे पाहत राहिली, मग काकाजींकडे. "निळ्या खिडकीचं घर कोणाचं आहे?" असं तिने विचारलं. काकाजी म्हणाले, "ते मी इचारलं नाही. मले गाडीशी काम." त्या घरात पुढे काय झालं ते सगळ्या पांढरकवड्याने ऐकलं. व्यापारी दुसऱ्या दिवशी खोलीवर येऊन शिव्या देऊन गेले. काकाजींना त्यात आपलं काय चुकलं ते कधीच कळलं नाही. ही गोष्ट मीही ऐकली. इतका खरा माणूस घराजवळ नसलेला बरा, असं मला वाटलं.

ते असे कसे झाले याबद्दल लोक वेगवेगळं सांगायचे. कुणी म्हणे, पोस्टात असताना चुकीच्या घरी तार दिली आणि नको ते झालं. कुणी म्हणे, त्यांची बायको रागावून माहेरी गेली आणि तिने पत्ताच ठेवला नाही. बियाण्याच्या दुकानदाराचं मत होतं की डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे, बाकी काही नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

आमची गाडी जुनी, पांढरी. पोरगी नागपूरला फार्मसी शिकायला गेली त्या वर्षी यांनी घेतली. "माही पोरगी बसच्या दांड्याले लटकून जाणार नाही," असं ते चार माणसांत म्हणायचे. शेतात ट्रॅक्टरवर बसून ती आधीच चालवायला शिकली होती. दसऱ्याला गाडी घरी आली, तिला हार घातला, आणि यांनी ती माझ्या नावावर केली. आमच्याकडे तशी रीत आहे. मोटरसायकल, ट्रॅक्टर, काही नवं आलं की घरच्या लक्ष्मीच्या नावावर करतात. कागद लक्ष्मीचे, किल्ली मालकाच्या खिशात.

पहिल्या वर्षी हे एकटेच काकाजींकडे गेले आणि हात हलवत परत आले. "म्हातारा म्हणते, मालकीण कोण आहे? म्हटलं, बायको. म्हणते, मग त्याईले आणा, मी त्याईलेच इचारीन." हे चिडले होते.  मी बाहेरच्या पुरुषासमोर बोलत नाही. दुकानात गेले तरी बोट दाखवते.

गेलो. मी पदर घेऊन स्टुलावर बसले. काकाजींनी विचारलं, "गाडी झोपते कुठं?"

हे म्हणाले, "पांढरकवडा लिवा. लहान गावाचा पत्ता असला का हप्ता कमी लागते म्हणते."

काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन उभं धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. पंखा फिरत होता. बाहेर बस लागली, कंडक्टर ओरडला, बस निघून गेली. ते थांबलेच होते. माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. मला कुणी प्रश्न विचारून उत्तरासाठी एवढा वेळ थांबलं आहे, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "नागपूरले. पोरीच्या हॉस्टेलात."

"फाटक आहे?"

"आहे."

"वॉचमन?"

"आहे. म्हातारा आहे."

त्यांनी लिहून घेतलं. यांना म्हणाले, "भाऊ, उद्या हायवेवर ट्रकनं ठोकली तर कंपनीचा माणूस पहिले इचारीन, गाडी तिथं काहून होती? कागदावर एक अन् रस्त्यावर दुसरं निघालं, तर तो तुमच्याच घरी चहा पिऊन नाही म्हणून जाईन." घरी येताना हे बडबडत होते. मी ऐकत नव्हते. मी बोलले होते, तेच मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तोच प्रश्न, तेच उत्तर. पोरगी दर पंधरा दिवसांनी रविवारी गाडी घेऊन यायची. यांनी तोवर तिच्या औषधाच्या दुकानाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. पाटीवर अक्षरं हिरवी असतील, असं ते जेवताना सांगायचे. तिच्या नखांत काळं असायचं. मी विचारलं तर म्हणाली, "लॅबमधलं आहे, आई. जात नाही लवकर."

तिसऱ्या वर्षी विम्याची मुदत शनिवारी संपणार होती. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास काकाजी आमच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. हे शेतात गेले होते. मी पाणी घेऊन गेले. ते कुणाच्याच उंबऱ्याच्या आत येत नसत. बाहेरच उभं राहून त्यांनी लोटा रिकामा केला आणि म्हणाले, "मालकीणबाई, मी काल डोळे दाखवायले नागपूरले गेलतो. सकाळीच तुमच्या हॉस्टेलकडून फेरी मारली."

"बरं."

"गाडी तिथं झोपत नाही."

मला वाटलं गाडी चोरीला गेली. मी काही बोलायच्या आत ते पुढे सांगू लागले. पत्ता वाचून दाखवावा तसं, एकेक ओळ. "वॉचमन म्हणाला, ते पोरगी तर वर्षापासून इथं राहतच नाही. गाडी पाह्यची असन तर कामठी रोडच्या गॅरेजात पाहा. गेलो. पुढं गॅरेज, मागं मिस्त्रीचं घर. हिरवं दार, बाजूले सिमेंटची टाकी. गाडी त्याच अंगणात झोपते. पोरगी मिस्त्रीच्या घरात राहते, त्याच्या दोन पोरींसंगं एका खोलीत. मिस्त्रीची बायको मले चहा देत होती, मी नाही घेतला. कॉलेज सोडलं तिनं. गॅरेजात काम शिकून राह्यली."

माझ्या हातात रिकामा लोटा होता. तो कुठे ठेवावा ते मला सुचेना.

"तुम्ही पाह्यलं तिले?"

"गाडीखाली होती. फक्त पाय दिसत होते. मी पायाईले इचारलं, गाडी कोणाची आहे? पाय म्हणे, माह्या आईची."

मी खालीच बसले, फाटकाला टेकून. इतक्या वेळा ती घरी आली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर लाडू पाठवले. ते कुणी खाल्ले असतील? एक वर्षभर माझी पोरगी मला माहीत नसलेल्या घरात झोपत होती, आणि ते मला खाकी पँटवाला परका माणूस फाटकात उभा राहून सांगत होता.

"यांले सांगतलं तुम्ही?" मी विचारलं.

"त्याईले कायले सांगू? मालकीण तुम्ही आहा." मग म्हणाले, "शनिवारी मुदत संपते. खोलीवर या."

मी उठले. जन्मात कुणापुढे केलं नाही ते केलं, हात जोडले. "काकाजी, या खेपेले हॉस्टेलच लिवा. यांले कळलं तर हे तिले केसाले धरून घरी आणतीन. दिवाळीच्या आत लग्न लावून देतीन. एवढी एक खेप."

"नाही लिवत."

"कोणाले समजणार आहे?"

"मले समजलं ना." त्यांचा आवाज जराही मऊ झाला नाही. "मी कोणाले सांगणार नाही, मालकीणबाई. भाऊले बी नाही. पण लिवीन ते जिथं गाडी झोपते तेच. नाही पटत तर दुसऱ्याकडं जा. तो इचारणारच नाही."

आणि सायकलवर बसून गेले. मला त्यांचा इतका राग आला की मी तो लोटा अंगणात फेकला. हा माणूस दगड आहे, असं मी मोठ्याने म्हणाले. शेजारीण डोकावून पाहू लागली तशी आत गेले.

दुपारी पोरीला फोन केला. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "आई, ते खाकीवालं बुढं आलतं का तुह्याकडं?"

"काहून नाही सांगतलं मले?"

"तू बाबाले सांगतलं असतं."

"मी आजवर कोणाले काय सांगतलं आहे वं?"

 ती रडायला लागली. "मी नापास नाही झाली, आई. मले ते आवडेच ना. त्या गोळ्या, त्या बाटल्या. अन् बाबा तर पाटीचा रंग सांगत बसते. आपली गाडी बंद पडली तवा मी इथं आणली, तर तीन दिवस इथंच बसून पाहत राह्यली. मिस्त्रीचाचा म्हणे, पाहतं काय, पाना दे. ते म्हणते, तुहे हात लहान आहे, माहा हात जात नाही तिथं जाते."

"लोक काय म्हणतीन?"

"इथं चाची आहे, तिच्या पोरी आहे. तू ये ना एकडाव, पाह्यजो." मग नाक ओढत म्हणाली, "तू त्या बुढ्याकडं जाऊच नको. सटकेल आहे तो. बाबाले म्हण, मोबाइलवर दोन मिनिटांत होते. हॉस्टेलच टाक. दोन वर्षांत मले पूर्ण इंजिन येईन, मग मीच सांगतो बाबाले."

खरंच दोन मिनिटांचं काम होतं. यांच्या मोबाइलवर ती जाहिरात रोज यायची. मी नुसतं म्हटलं असतं, मला त्या खोलीत जायची लाज वाटते, तर हे आनंदाने तयार झाले असते. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी तेच वाक्य मनात घोळवत राहिले. पोळ्या करपल्या. तुरीचं वरण तीनदा खारट झालं. हे म्हणाले, "तब्येत ठीक नाही का?" मला वाटलं, आता सांगावं, दोन्हीतलं एक काहीतरी. तोंड उघडलं आणि म्हणाले, "ताक घेता का?"

पण झोपायला गेले की मला तो हायवे दिसायचा. हैदराबादकडे जाणारे ट्रक एकामागे एक, आणि मधे आमची ती पांढरी गाडी. पोरगी दर पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने माझ्याकडे येते. काही झालं तर कंपनीचा माणूस येणार, आणि खोट्या पत्त्याच्या कागदावर सही माझी असणार. मी घाबरून खोटं बोलले म्हणून पोर उघड्यावर पडली, असं व्हायचं. आणि खरं बोलले तर पोर घरी, पाना हातातून सुटलेला, आणि हिरव्या अक्षरांचं दुकान नाही तर लग्नाचा मांडव. दोन्हीकडून तिचंच जात होतं.

शुक्रवारी रात्री हे म्हणाले, "उद्या चालतं ना म्हाताऱ्याकडं? तुह्या गाडीचं आहे." मी मान हलवली. हलवून झाल्यावर मला कळलं की मी होकार दिला आहे.

शनिवारी खोलीत आम्ही तिघेच होतो. काकाजींनी नवा कागद काढला, पेनाचं टोपण मागे लावलं. माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी ते आमच्या फाटकात आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

"मालकीणबाई, गाडी झोपते कुठं?"

"तोच पत्ता," हे म्हणाले. "हॉस्टेल. काही बदल नाही."

काकाजी थांबले.

"अहो, मी सांगतलं ना!"

"भाऊ, तुमची म्हैस असती तर तुमाले इचारलं असतं. गाडी याईची आहे."

हे हसले, मला म्हणाले, "सांग बापा, सांग. नाहीतर आपल्याले इथंच मुक्काम करा लागते."

मी म्हणाले, "नागपूर. कामठी रोड." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, फार मोठा होता. "पुढं गॅरेज आहे. मागं मिस्त्रीचं घर. हिरवं दार. बाजूले सिमेंटची टाकी. अंगणात झोपते."

काकाजी लिहू लागले. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"हे कोणाचं घर आहे?"

"मिस्त्रीचं."

"अन् गाडी तिथं काहून?"

"पोरगी तिथं राहते. त्याच्या पोरींसंगं. तिनं कॉलेज सोडलं. एक वर्ष झालं. गाड्या दुरुस्त कराचं शिकून राह्यली."

 मला वाटलं आता हे हात उगारतील. त्यांनी कधी उगारला नव्हता, पण त्या दिवशी काहीही होऊ शकत होतं. ते उठले तसं स्टूल मागे पडलं. काकाजींकडे बोट करून ओरडले, "तुमाले माहीत होतं! सारं तुम्हीच लावलं!"

"मले पत्ता माहीत होता," काकाजी म्हणाले. "बाकीचं याईनं सांगतलं." आणि मला विचारलं, "फाटक आहे?"

"मले माहीत नाही," मी म्हणाले. "मी पाह्यलं नाही अजून."

"फाटक आहे," त्यांनी स्वतःच लिहिलं. मग कागद माझ्याकडे फिरवला. मी चौथीपर्यंत शिकले, सही करायला मला वेळ लागतो. एकेक अक्षर काढावं लागतं. हे दारात पाठ करून उभे होते. मी काढली सगळी अक्षरं. काकाजी घाई न करता पाहत होते. मी उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, "मालकीणबाई, आता गाडी बरोबर ठिकाणी आहे." त्यांना एवढंच म्हणायचं होतं. बाईचं काय होणार, पोरीचं काय होणार, हे त्यांच्या मनात आलं असेल का, ते मला आजही माहीत नाही. मला त्या घटकेला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि टेबल उलथवावंसंही वाटलं.

 घरी आल्यावर यांनी विचारलं, "तुले कवा समजलं?"

"मंगळवारी."

"चार दिवस तू मले ताक वाढत राह्यली?"

 ते जेवले नाहीत. माझ्या हातातून कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला. रविवारी पहाटे मी उठले तर ते अंघोळ करून तयार होते. "कुठं जाता?" असं मी विचारलं. ते तसेच पहिल्या बसने निघून गेले. पोरीचा फोन लागेना. दिवसभर मी तिच्या खोलीतली गादी झटकली, उशीला नवा अभ्रा घातला, आणि झटकता झटकता रडले. माझ्याच हाताने मी तिला घरी आणलं होतं. दुपारी गिरणीवर जाताना काकाजींच्या शेजारचा बियाण्याचा दुकानदार भेटला, त्याने विचारलं, "वहिनी, काल भाऊ फार गरम झालते?" मी मान खाली घालून पुढे गेले.

दिवे लागायच्या वेळी फाटकात गाडीचा आवाज आला. पोरगी चालवत होती. हे तिच्या बाजूला बसले होते, सरळ, हात गुडघ्यांवर ठेवून. दोघांचेही चेहरे दगडासारखे. संपलं, असं मला वाटलं. ती उतरली, माझ्याकडे पाहिलं नाही, हातपाय धुवायला मागे गेली. मी डिकीपाशी गेले, तिची बॅग, गादी, पेटी उतरवून घ्यावी म्हणून. डिकीत काहीच नव्हतं. मागच्या सीटवरही नव्हतं.

हे अजून गाडीतच बसले होते. दार उघडून पाय बाहेर काढला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिले जेवाले वाढ लवकर. सकाळी पाचले निघा लागते तिले. मिस्त्रीनं एकाच रातची सुट्टी देली."